स्तोयानचं बारसं

केकचा खोका तनूने उघडला आणि तिथंच घोडं अडलं.

साउथॉलच्या दुकानातून सकाळीच आलेला रसमलाईचा केक. वर पिस्त्याचा चुरा, कडेने चंदेरी मणी, आणि मधोमध निळ्या क्रीमच्या लपेटदार अक्षरांत लिहिलेलं: 'वेलकम वरद'.

तनूने केककडे पाहिलं, मग बाळाकडे पाहिलं. बाळ आपल्या बापाच्या, किरिलच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलं होतं. त्याला अजून नाव नव्हतं, त्यामुळे ते निर्धास्त होतं.

"आई," तनू म्हणाली, "हे वरद कोण आहे?"

अरुणा स्वयंपाकघराच्या दारात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभी होती. तिने मान खाली घालून पातेल्यातच पाहिलं, जणू उत्तर हरभऱ्यांबरोबर शिजत होतं. उत्तर आलं ते सोफ्यावरून.

"कोण म्हणजे? तुझा लेक," अलका म्हणाली. "केक मी सांगितलाय. आत्या मी. नाव ठेवायचा मान माझा. तुझं नाव कुणी ठेवलं? मीच. पाठीत धपाटे कुणी खाल्ले? मीच. अजून थंडीत दुखतं."

अलका ही तनूच्या वडिलांची, संजयची थोरली बहीण. ग्लासगोत जन्मभर केमिस्टचं दुकान चालवलेली. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसाला मफलर न घालण्याबद्दल चार गोष्टी सुनावायच्या आणि मगच बाटली द्यायची, असा तिचा धंदा. दुकान विकलं, पण सुनावणं काही विकलं नव्हतं.

"आत्या, ही नाव आम्ही ठरवली आहे," तनू म्हणाली. "स्तोयान. मी फोनवर सगळ्यांना सांगितली होती."

"ते नाव. ती नाव पाण्यात चालते."

"व्हॉटेव्हर! ते."

"स्तोयान." अलकाने शब्द जिभेवर फिरवून पाहिला. "चांद्रयान झालं, मंगळयान झालं, आता हे स्तोयान. शाळेत मुलं विचारतील, कधी उडणार म्हणून."

जेवणाच्या टेबलावर फळांच्या परडीला टेकून एक फोन उभा केला होता. त्यात खुद्द स्तोयान बसला होता: किरिलचा बाप, बल्गेरियातल्या आपल्या खेड्यात, स्वयंपाकघरात, अंगात कोट आणि हातात रकिया या तिकडच्या दारूचा पेला. विमानात बसायचं नाही असा त्याचा नेम होता, म्हणून तो फोनमध्ये बसून बारशाला आला होता. त्याला कुणाचंच काही कळत नव्हतं. फक्त आपलं नाव तेवढं ऐकू यायचं, आणि ते ऐकू आलं की तो पेला वर करून एक घोट घ्यायचा. भांडण असंच चाललं तर म्हातारा बारशाआधीच आडवा होणार, असं अरुणाला वाटलं.

"आमच्याकडे पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात," किरिल शांतपणे इंग्रजीत म्हणाला. हा गडी हीथ्रोच्या कार्गोत कामाला होता. सहा फूट उंच, पण आवाज असा की बाळाला जाग येऊ नये.

"आजोबा दोन असतात," अलका म्हणाली. "एक हा काय, शिडीवर उभा आहे."

"ताई, मला मध्ये घेऊ नकोस," संजय शिडीवरून म्हणाला. तो छताच्या हुकाला पाळण्याची दोरी बांधत होता आणि गाठ जमत नसूनही खाली यायला तयार नव्हता. वर त्याला सुरक्षित वाटत असावं.

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. विमान जाईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, ही विमानतळाला लागून असलेल्या हाउन्सलोतल्या भांडणाची रीत. माणसं तोंड उघडं ठेवून वाट बघतात आणि मग जिथं सोडलं तिथून पुढे सुरू करतात. पण या खेपेला तनूने तेवढ्यात काहीतरी ठरवून टाकलं होतं.

"मंगळवारी रजिस्ट्रारची अपॉइंटमेंट आहे," ती म्हणाली. "तिथे मी स्तोयान लिहिणार. आणि इथे पाळण्यात दुसरा काही म्हणायचं असेल तर मला बारसं नकोच. आम्ही आत्ता घरी जातो. आय मीन इट, आई."

तिने बाळाला किरिलच्या खांद्यावरून घेतलं आणि दूध पाजायला वरच्या खोलीत निघून गेली. फोनमधल्या म्हाताऱ्याने एक घोट घेतला.

"बघितलंस?" अलका म्हणाली. "तुझ्यासारखीच हट्टी. अरुणा, तू काही बोलत का नाहीस?"

अरुणा पातेलं घेऊन आत गेली. खरी गोष्ट अशी होती की केक अलकाने सांगितला असला, तरी नाव अलकाचं नव्हतं. ते अरुणाचं होतं. वन्संच्या खांद्यावर बंदूक ठेवून ती स्वतः घुगऱ्या ढवळत राहिली होती.

तनूच्या आधी अरुणाला एक मुलगा झाला होता. इथलाच, ऐन थंडीतला. तो हॉस्पिटलमधून घरी आलाच नाही. आठवडाही काढला नाही त्याने. कागदावर 'बेबी शिराळकर' एवढंच राहिलं. नाव मात्र ठरलेलं होतं. पोटुशी असताना बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडून तिने आणि संजयने ते ठरवलं होतं: वरद. बारसं झालं नाही, म्हणून नाव कुणाच्या कानात गेलं नाही. पुढे तनू झाली, घर भरलं, आणि नवरा-बायकोने त्या नावाचा विषय कधी काढला नाही. न काढता ते नाव काही जुनं झालं नाही. नातू झाल्याचं कळलं त्या दिवशी अरुणाने ग्लासगोला फोन लावला. "वन्सं," ती म्हणाली, "ते नाव एकदा तरी पाळण्यात म्हटलं जावं असं वाटतं." अलकाला जास्त सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "तू गप्प बस. मी बघते." आणि तिने केक सांगितला.

पण यात लेक बाळाला घेऊन निघून जाईल, हे दोघींनाही सुचलं नव्हतं. आता अरुणापुढे दोनच वाटा होत्या. नाव सोडायचं, नाहीतर नातवाचं बारसं सोडायचं.

हाताला काम असलं की डोकं चालतं म्हणून तिने वरवंटा बाहेर काढला. सासूबाईंनी कराडहून आणलेला, काळाभोर, एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला. चटण्या हल्ली मिक्सरमध्येच होत, पण वरवंटा टाकायचा नसतो. तिने तो सिंकमध्ये ठेवला, कोमट पाणी सोडलं आणि हळद लावून चोळू लागली.

मिलेना आत आली ती पाव कापायला सुरी शोधत. मिलेना म्हणजे किरिलची धाकटी बहीण. मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायचं तिचं काम. बारशासाठी तिने घरी भाजलेला मोठा गोल पाव मांडीवर घेऊन सगळा ट्रेनचा प्रवास केला होता.

"आई," ती इंग्रजीत म्हणाली, कारण किरिल आई म्हणायचा म्हणून तीही म्हणायची, "तुम्ही दगडाला आंघोळ घालताय."

"हो. आणि आता टोपी घालणार."

मिलेना सुरी विसरली. अरुणाने वरवंटा छोट्या टॉवेलात गुंडाळून पुसला, अगदी कानामागे पुसावं तसा, आणि त्याला विणलेली पिवळी टोपी चढवली.

"आधी हा पाळण्यात निजतो," तिने सांगितलं. "याला झोका देतात, याचंही नाव ठेवतात. मग बाळाची पाळी. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून, असं म्हणतात. माझी सासू निराळं सांगायची. ती म्हणायची, काही वाईट टपून बसलं असेल तर त्याने आधी याला उचलावं. चावलंच तर दात त्याचे पडतील."

अरुणाला वाटलं होतं, पोरगी हसेल. ती हसली नाही. ती ओट्याला टेकली.

"आमच्या वडिलांना रस्त्यावर ठेवलं होतं," मिलेना म्हणाली.

"म्हणजे?"

"त्यांच्या आधी आजीची तीन मुलं गेली. एकामागून एक. मग हे झाले. तेव्हा आजीच्या सासूने यांना टोपलीत घातलं आणि गावाबाहेर वाटेवर नेऊन ठेवलं. पहिला जो माणूस येईल त्याने उचलायचं, आणि नावही त्यानेच ठेवायचं. घरच्यांनी ठेवलेली नावं मरणाला पाठ झाली होती ना! परक्याने ठेवलेलं त्याला कुठून कळणार?"

"मग कोण आलं?"

"एक कांदेवाला. गाढव घेऊन. त्याने टोपलीत बघितलं आणि म्हणाला, मला घरी माझीच पाच आहेत. आजीची सासू झुडपामागे लपली होती. तिथून ओरडली, घेऊन कोण जा म्हणतंय, मेल्या, नाव ठेव आणि जा! त्याने विचारलं, कसलं नाव हवंय? ती म्हणाली, पोर राहायला हवंय, बाकी काही नको." मिलेनाने हात पसरले. "म्हणून स्तोयान. आमच्या भाषेत उभं राहणं, टिकणं, जागचं न हलणं, या सगळ्याला जो शब्द आहे त्याच्यातून हे नाव आलं. जो राहतो तो स्तोयान. खूप जुनं नाव आहे. आमच्याकडे अशी आणखीही आहेत. शेजारी एक झिव्को आहे, म्हणजे जिवंत. आणि वरच्या आळीला झाप्र्यान होता. त्याचा अर्थ थांबवणारा. घरातली मरणं याच्यापाशी थांबावीत म्हणून."

"आणि थांबली?"

"त्याला आठ बहिणी झाल्या."

आता दोघीही हसल्या. हसता हसता अरुणाने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "माझ्या सासऱ्यांचं नाव दगडू."

"त्याचा अर्थ?"

अरुणाने टोपी घातलेला वरवंटा तिच्या हातात दिला. "हा."

मिलेनाने दगडाकडे पाहिलं, अरुणाकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला.

"त्यांच्याही आधीची दोन गेली होती," अरुणा म्हणाली. "मग मुद्दाम असं नाव ठेवायचं की कुणाला हेवाच वाटू नये. दगड आहे, कोण नेतंय? त्यांच्या पाठचा भाऊ झाला तो—"

"दिनकर!" दारातून आवाज आला. चहाचं काय झालं ते बघायला अलका आली होती. "बाबांचं नाव दिनकर होतं. डी. के. शिराळकर. कामावर सगळा विमानतळ त्यांना डी. के. म्हणायचा."

"वन्सं, पासपोर्टवर दगडू होतं."

"पासपोर्टवाल्याची चूक."

"आणि धाकटे काका?"

अलकाने चहाच्या डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "केरबा," ती पुटपुटली.

"तीही पासपोर्टवाल्याचीच?"

"अगं, टिकले ना पण दोघं!" अलका एकदम उसळून म्हणाली. "बाबा नव्वदीला टेकले. शेवटपर्यंत दाताने ऊस सोलत होते. काका तर मरायलाच तयार नव्हता, डॉक्टर कंटाळले." मग आपण कुणाच्या बाजूने बोललो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने चहाचा डबा पुन्हा उघडला.

तनू केव्हा जिना उतरून आली ते कुणाला कळलं नाही. बाळ तिच्या हातावर जागं होतं आणि दिव्याकडे बघत होतं.

"आई," ती म्हणाली, "म्हणून मला तो नाव पाहिजे."

"किरिलच्या बाबांचं म्हणून. माहीत आहे गं."

"नाही. किरिल म्हणाला होता, काहीपण ठेव. त्याला काही नाही. मलाच पाहिजे." तनूने बाळाचं पांघरूण उगाच नीट केलं. "याच्या आधी दोनदा... ते राहिले नाही. दोन्ही वेळा थर्ड मंथमध्ये. मी तुला सांगितला नाही. कुणालाच नाही सांगितला, फक्त मिलेनाला. मग आम्ही गावाला गेलो तेव्हा याच्या आजोबांनी ती कांदेवाल्याची स्टोरी सांगितली, आणि मी मनात म्हटला, तिसरं आलं तर हेच. राहा म्हणायचं. बस."

मिलेनाने वरवंटा हळूच ओट्यावर ठेवला.

अरुणाला आधी राग आला. दोनदा! आणि पोरीने आईला सांगू नये? रविवारी येऊन जेवून गेली, पोळ्या चांगल्या झाल्यात म्हणाली, आणि हे पोटात ठेवलं? ती बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात तिला कळलं की पोरगी हे दुसऱ्या कुणाकडून शिकली नाही.

"वरद तुझा दादा," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या आधीचा. तो होता हे तुला माहीत आहे. नाव माहीत नव्हतं. आम्ही ते ठरवलं होतं, पण ठेवायची वेळ आली नाही. केक आत्याने सांगितला, पण तिच्या कानाला मी लागले होते."

"आई! तू मला का नाही सांगितलीस?"

"तू सांगितलंस?"

तनूचा चेहरा रडण्या-हसण्याच्या मधेच अडकला. मग दोन्ही एकदम झालं. बाळ मध्ये दाबलं गेलं आणि त्याने निषेध नोंदवला, तेव्हा कुठे मायलेकी सुट्या झाल्या.

"मग वरद ठेवू या," तनू नाक पुसत म्हणाली. "खरंच. मी किरिलला सांगते. तुझ्यासाठी."

हेच तर हवं होतं. इतकी वर्षं वाट पाहिलेली गोष्ट पोरीने ताटात वाढून पुढे केली होती. हो म्हणायला अरुणाला किती वेळ लागणार? तिने बाळाकडे पाहिलं. ते दिव्याकडून नजर काढून आता तिच्याकडे बघत होतं, कपाळाला आठ्या घालून, म्हाताऱ्या हिशेबनिसासारखं. ते कुणाची जागा भरायला आलेलं दिसत नव्हतं. स्वतःच्याच कामाला आल्यासारखं दिसत होतं.

"नको," अरुणा म्हणाली. "हा राहायला आलाय. याला राहाच म्हणायचं."

तिने पाव कापायची सुरी उचलली, बाहेरच्या खोलीत गेली आणि केकपाशी वाकली. निळी अक्षरं एका हाताने, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, चपातीला तूप लावावं तशी सारखी करून टाकली. वर निळंशार आभाळ पसरलं. संजय शिडीवरून बघत होता. आता गाठ लगेच बसली.

"अगं, पण मी एवढं भांडले!" अलका मागोमाग आली. तिचा आवाज खाली आला होता. "तूच म्हणालीस ना, एकदा तरी..."

"म्हणाले होते. वन्सं, तुमच्याइतकं कुणी भांडलं नसतं माझ्यासाठी. आता एक ऐका. रागावू नका."

"रागावणार."

"बाळाची आत्या तुम्ही नाही. तुम्ही तनूच्या आत्या. बाळाची आत्या ती." तिने मिलेनाकडे बोट दाखवलं.

एवढा वेळ हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शिराळकरांच्या घरात आत्या म्हणजे अलका, हे इतकं मुरलं होतं की बापाची बहीण घरात समोर उभी असताना सगळे आत्याच्या नावाने भांडत होते. अलकाने मिलेनाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला नियम मोडता येईना, कारण सकाळपासून नियमावर बोट तीच ठेवत होती.

"तिला कुर्र करता येतं का?" ती शेवटी म्हणाली.

"तुम्ही शिकवा. आणि पाठीत पहिला धपाटा तुमचा."

अलकाने विचार केला. "जोरात मारू?"

"मारा."

"आय," अलका ग्लासगोच्या ढंगात 'हो' म्हणाली आणि बाह्या सरसावल्या.

पुढचं सगळं मग भराभर झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या. किरिलने फोन परडीवरून उचलून संजयच्या हातात दिला. "बाबा, तुम्ही धरा," तो म्हणाला, आणि फोनमधून म्हातारा खो खो हसला. त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे आजी, आणि मिशावाल्या संजयला जावई रोज आजी म्हणतो, याची गंमत त्याला अजून पुरत होती.

"आधी वरवंटा," अलका म्हणाली. सूत्रं तिने पुन्हा हातात घेतलीच होती. अरुणाने पिवळ्या टोपीतला वरवंटा पाळण्यात निजवला. "मी ठेवते याचं नाव. नेहमीचंच, गोप्या."

"थांबा, वन्सं," अरुणा म्हणाली. "याचं मी ठेवते."

दगडाचं नाव कुणी ठेवायचं याबद्दल काही नियम नव्हता, म्हणून अलका बाजूला झाली. अरुणा पाळण्यावर वाकली. तिने टोपीची कड जरा वर केली, जिथं कान असता तिथली. आतल्या काळ्या दगडाला हळदीचा वास येत होता. तिचा आवाज मोठा नव्हता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

"वरद," ती म्हणाली. "वरद संजय शिराळकर."

मग तिने दोरी धरून झोका दिला. पाळणा एकदा गेला, आला. दुसऱ्यांदा तनूने दिला. अलकाने पाळणा म्हणायला सुरुवात केली, तिचा सूर थोडा हलला, पण ती थांबली नाही. संजयच्या हातातला फोन तिरका झाला होता आणि बल्गेरियातल्या म्हाताऱ्याला बराच वेळ फक्त छत दिसत होतं.

मग बाळ पाळण्यात गेलं, वरवंट्याच्या शेजारी. मिलेना वाकली. अलकाने दहा वेळा म्हणवून घेतलेलं "कुर्र" तिने असं केलं की मांजराच्या अंगावर पाय पडल्यासारखं वाटलं, आणि मग बाळाच्या कानात ती स्पष्ट म्हणाली, "स्तोयान."

धप्प!

"ओय, माइको!" मिलेना किंचाळली.

"सोसायचं असतं," अलका समाधानाने म्हणाली. मग तनूने एक मारला, अरुणाने मायेने एक मारला. किरिल मारायला आला तेव्हा पुरुषांनी मारायचा नसतो म्हणून त्याला हाकललं. फोनमध्ये म्हातारा उठून उभा राहिला होता. आपल्या लेकीला इंग्लंडात बायका का मारतायत हे त्याला कळत नव्हतं, पण आपलं नाव घेतलं गेलं हे त्याने ऐकलं होतं. त्याने पेला वर केला, मग काय मनात आलं कोण जाणे, पेला खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली. स्तोयान शिराळकर-इवानोव या सगळ्या गोंधळात मूठ चोखत पडला होता.

घुगऱ्या वाटल्या गेल्या. मिलेनाचा पाव मोडला गेला. मोडताना ज्याचा तुकडा मोठा त्याचं वर्ष चांगलं, असं तिने सांगितल्यावर अलकाने दोन्ही हात घातले. निळ्या आभाळाचा केकही कापला आणि प्रत्येकाची जीभ निळी झाली.

"संजू, तो वरवंटा काढ पाळण्यातून," अलका म्हणाली. "पोराला लागायचा. आत ओट्यावर ठेव."

संजयने फोन किरिलला दिला. पाळण्यात हात घालून वरवंटा उचलला, एक हात खाली, एक हात टोपीमागे. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. तिथं थांबला. मग वळून सोफ्यावर येऊन बसला, वरवंटा मांडीवर घेऊन.

अरुणा त्याच्याशेजारी बसली. बाकीच्यांचं हसणं चाललं होतं. अलका मिलेनाला पाठ शेकायला पाणी किती गरम घ्यायचं ते सांगत होती.

"वजन आहे गं चांगलं," संजय म्हणाला.

"आहे."

किरिल केकची प्लेट घेऊन आला. "बाबा, घ्या ना."

संजयने प्लेटकडे पाहिलं, पण हात काही मोकळे केले नाहीत. तेव्हा अरुणाने प्लेट आपल्याकडे घेतली, चमच्याने केकचा तुकडा तोडला आणि सगळ्यांच्या देखत नवऱ्याला भरवला.